नंबराच्या जागी कॅमेरा

पाडव्याच्या दिवशी गुढीला साखरगाठी बांधता बांधता नीळकंठ पाठकनं जाहीर केलं, की आजपासून आपण कुणालाही 'समजून द्या' म्हणणार नाही. जाहीर केलं म्हणजे बायकोला सांगितलं. रेवती खाली उभी राहून काठी धरत होती.

"मग काय म्हणणार?" तिनं विचारलं.

"काही म्हणायचंच नाही. बिल द्यायचं. छापील."

"आणि बिल पाहून लोक पैसे देतील?"

"बिल पाहून माणूस पैसे देतो, रेवती. तोंड पाहून उधारी ठेवतो."

हे वाक्य नीळकंठला स्वतःलाच इतकं आवडलं, की संध्याकाळपर्यंत त्यानं ते दूधवाल्यालाही ऐकवलं. दूधवाल्यानं मागची बाकी आठवून मान हलवली.

आता हे 'समजून द्या' काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. नीळकंठ जळगाव जामोदचा. लग्नाचे फोटो काढणं हा त्याचा धंदा. दुकान नाही, नोकर नाही. एक जुनी व्हॅन, दोन कॅमेरे, आणि लग्नसराईत दुखणारी कंबर. लग्न धरताना भाव ठरतो, नाही असं नाही, पण तो ठरल्यासारखा ठरतो. लग्न पार पडलं की पोरीचा बाप खांद्यावर हात टाकून म्हणतो, "भाऊ, तुमी त घरचेच." झालं. घरच्या माणसाला काय द्यायचं ते घरातले मोठे ठरवतात. मग घरचा माणूस मान खाली घालून म्हणतो, "समजून द्या." समोरचा समजून देतो. त्याची समज त्या साली सोयाबीनला काय भाव लागला यावर असते.

नीळकंठला हे जास्त लागायचं, त्याला कारण होतं. त्याचे वडील भटजी होते. त्यांनी आयुष्यभर दक्षिणेचा आकडा तोंडातून काढला नाही. 'यथाशक्ती' म्हणायचे आणि डोळे मिटायचे. पोरानं ठरवलं होतं, आपण यथाशक्तीवर जगायचं नाही. जगला तो समजुतीवर. शब्द बदलला, बाकी सगळं तेच राहिलं. उलट एका बाबतीत घसरणच झाली. वडिलांचं पान पहिल्या पंगतीत, तेही डोक्याशी. पोरगा मात्र वाजंत्रीवाल्यांच्या आणि मंडपवाल्यांच्या सोबत शेवटच्या पंगतीत, जेव्हा मठ्ठा संपलेला असतो आणि वाढपी जांभया देत असतात. नाव कुणाला ठाऊक नाही. "ओ फोटूवाले" एवढीच ओळख.

तेव्हा खरं सांगायचं तर त्याला बिल पैशासाठी नको होतं. बिल देणाऱ्याला लोक नावानं ओळखतात आणि पहिल्या पंगतीत बसवतात, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. असं कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

बिलाची विद्या त्याला दिली शंतनुनं. हा त्याचा मामेभाऊ पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांसाठी साबणाचे आणि बिस्किटांचे फोटो काढतो. शंतनुनं आपल्या बिलाचा नमुना पाठवला आणि त्यासोबत एक लांबलचक बोललेला निरोप. नीळकंठनं तो निरोप अर्धा ऐकला. सुरुवातीला 'भाव आधी लिहून घ्यायचा, पेमेंट आल्याशिवाय अल्बम द्यायचा नाही' वगैरे होतं, ते पटलं. पुढं शंतनु कंटाळवाणं बोलायला लागला, तेव्हा नीळकंठनं फोन खिशात टाकला. उरलेल्या अर्ध्यात काय होतं ते पुढं येईलच.

नमुना देखणा होता. खाली बेरजेच्या आधी दोन ओळी होत्या. केंद्राचा जीएसटी नऊ टक्के, राज्याचा जीएसटी नऊ टक्के. नीळकंठला यात काही खटकलं नाही. लग्नपत्रिका म्हटली की वर श्रीगणेश आलाच, तसं बिल म्हटलं की खाली जीएसटी आलाच. पत्रिका छापणारा काय गणपतीकडे नाव नोंदवून येतो?

अडचण आली ती एकाच जागी. वर उजव्या हाताला एक चौकोन होता, 'जीएसटी नंबर' असं लिहिलेला. तो नंबर नीळकंठकडे नव्हता. चौकोन रिकामा ठेवला तर बिल एका बाजूला कलल्यासारखं दिसायचं, आणि फोटोग्राफरच्या डोळ्याला ते सोसेना. मग त्यानं त्या चौकोनात एक लहानसा कॅमेरा काढून टाकला. काळ्या रेघेतला, नाजूक. बिलाला कशी शोभा आली.

रेवती एका शाळेत कारकून. तिनं बिल हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं. "हा टॅक्स लोकांकडून घ्यायचा. मग आपण कुठं भरायचा?"

"भरू की मार्चमध्ये."

"मार्च आत्ताच संपतोय."

"पुढचा मार्च येतोच आहे ना," नीळकंठ म्हणाला, आणि क्रमांक एकचं बिल घेऊन वरवट बकालला निघाला.

वरवटला वामनरावांच्या काजलचं लग्न त्यानं माघात काढलं होतं. मुलगा डोणगावचा, गोपाल. त्याचे वडील हिंमतराव डोणगावात अडत चालवायचे. शेतकऱ्यांचा माल घ्यायचा, व्यापाऱ्याला विकायचा, मधली अडत आपली. लग्नाच्या बैठकीतच ठरलं होतं की मांडव आणि जेवण मुलीकडचं, बँड मुलाकडचा, आणि फोटो निम्मे-निम्मे. फोटो दोन्हीकडच्यांचे निघतात, म्हणून खर्चही दोन्हीकडं. आपल्याकडं असंच असतं, आणि त्यात गैर काही नाही.

वामनरावांनी चष्मा लावून बिल वाचलं. पुन्हा वाचलं. ओसरीवर बसलेल्या गोजरबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, दाखवलं.

"हे दोन नऊ नऊ काय हायेत, भाऊ?"

"टॅक्स," नीळकंठ म्हणाला. या शब्दाबरोबर आपली उंची बोटभर वाढल्याचं त्याला जाणवलं. "एक केंद्राचा, एक राज्याचा. सारखा असते दोन्हीकडं."

"दोन्हीकडं सारखा?"

"हाव. निम्मा-निम्मा."

वामनरावांच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. "म्हंजे सरकारनंबी निम्म्या-निम्म्याचंच धरलं म्हना की. एक नऊ पोरीकडचा, एक नऊ पोराकडचा. मंग आमच्याकडं कोन्ता येते? केंद्राचा का राज्याचा?"

इथं खरं म्हणजे नीळकंठनं 'मला माहीत नाही' असं म्हणायला हवं होतं. ही तीन शब्दांची गोष्ट. पण छापील बिल देणाऱ्या माणसाला ते शब्द जड जातात. तो म्हणाला, "कोन्ताबी घ्या. रक्कम एकच हाये."

"नाही, असं कसं? रीत असन ना काही." वामनरावांनी विचार केला. "वरपक्ष मोठा. केंद्र त्याईचं. आमी राज्य घेतो."

आणि त्यांनी आपला निम्मा भाग आणि वर राज्याचे नऊ टक्के तिथल्या तिथं मोजून दिले. नीळकंठच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी खांद्यावर हात न ठेवता पैसे दिले होते. तो व्हॅनमध्ये बसला तेव्हा शीळ वाजवत होता. अल्बम मागच्या सीटवर तसाच होता. शंतनुचा नियम. दोन्हीकडचे पैसे आल्याशिवाय द्यायचा नाही.

वामनरावांनी संध्याकाळी बिलाचा फोटो व्याह्यांना पाठवला. खाली लिहिलं, 'राज्याचा आम्ही भरला. केंद्राचा तुमच्याकडं आहे. आखाजीला काजलला कधी धाडता?'

यात वाईट काही नव्हतं. पण हिंमतराव अडते. त्यांच्या दुकानात दिवसाकाठी किती बिलं फाटतात याचा हिशेब त्यांनाही नसेल. त्यांनी ते बिल पाहिलं, नंबराच्या चौकोनात नंबर पाहायला गेले, आणि तिथं त्यांना कॅमेरा दिसला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला. मग आणखी मोठा केला. कॅमेराच होता.

दुसऱ्या दिवशी त्यांचा वामनरावांना फोन आला. "इवाई, बिल पाह्यलं. त्याचं बोलू सावकाश."

"बरं. मंग आखाजीचं?"

"सध्या हरभऱ्याचा सीझन हाय. गाडी रिकामी नाही. बघू." आणि फोन बंद.

लेकीच्या सासरहून 'गाडी रिकामी नाही' असा निरोप आला, की त्याचा अर्थ गाडीपुरता राहत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी येते. लग्नानंतरची पहिली आखाजी तर लेकीचीच. झाडाला झोके बांधलेले असतात, पुरण शिजतं, आंब्याचा रस निघतो, आणि दारात ती नसली तर शेजारणी मुद्दाम येऊन विचारतात. गोजरबाईंनी दोन रात्री कड बदलत काढल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळीच नीळकंठला फोन लावला.

"भाऊ, तुम्ही कोन्ता कागद देल्ला आम्हाले?"

"काऊन? काय झालं, काकू?"

"त्या कागदापायी इवायाचं डोकं फिरलं. माही काजल आखाजीले येत नाही आता." त्या रडत नव्हत्या. आवाज एकदम कोरडा होता. "मी तिच्यासाठी नवा झोका आनून ठेवला, भाऊ."

नीळकंठनं चहाचा कप खाली ठेवून बिल पुन्हा वाचलं. बिलाच्या नियमांत असं काही होईल हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

त्यानं विचार केला, हिंमतरावांना टॅक्स जास्त वाटला असणार. अडत्याचा हात आखडताच. मग टॅक्स द्यायचा सोडून. पण टॅक्सच्या ओळी काढल्या तर बिल बोडकं दिसतं. त्यानं मध्यम मार्ग काढला. दोन्ही नऊ ठेवले आणि खाली एक नवी ओळ घातली, 'विशेष सवलत, अठरा टक्के'. बेरीज परत जिथल्या तिथं. आपल्या हुशारीवर खूश होऊन त्यानं हे बिल दोन्ही घरी पाठवलं. बिलाचा क्रमांक मात्र बदलायचा राहिला. हेही एक नंबर, तेही एक नंबर.

या वेळी हिंमतरावांनी सावकाश बोलायची वाट पाहिली नाही. वामनरावांना लगेच फोन. "इवाई, एका नंबराची दोन बिलं? काल टॅक्स, आज सवलत? अडतीत असं झालं तर दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लागतं. तुमच्या फोटूवाल्याला सांगा, डोणगावात लोक बिलं वाचतात."

वामनरावांनी नीळकंठला फोन केला तेव्हा ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलत होते. "भाऊ, इवायाले वाटून राह्यलं का मी खोटं बिल फाडून त्याईच्याकडून जास्तीचे पैसे काढून राह्यलो. लग्नात म्या कोनाचा एक पैसा ठेवला नाही. आता पोरीच्या सासरी माही इज्जत अशी गेली."



त्या दिवशी त्यानं शंतनुचा निरोप शेवटपर्यंत ऐकला. उरलेल्या अर्ध्यात शंतनु म्हणत होता, 'आणि हो, ह्या जीएसटीच्या ओळी माझ्या आहेत, तुझं रजिस्ट्रेशन नसेल तर त्या आधी काढून टाक, विसरू नकोस, नाहीतर लोच्या होईल.' लोच्या झाल्यावर ऐकायला ते फार स्पष्ट ऐकू येत होतं.

तरी खात्री करायला तो गावातल्या कर सल्लागार सुवर्णाताईंकडे गेला. बाहेर बाकावर चार माणसं फायली मांडीवर घेऊन बसली होती. त्याची पाळी आल्यावर सुवर्णाताईंनी दोन्ही बिलं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. त्यांचं लक्ष चौकोनाकडं गेलं. त्या हसल्या नाहीत, पण त्यांना कष्ट पडले.

"वर्षाला वीस लाखांच्या वर जाता का तुम्ही?"

नीळकंठनं मनात सगळी लग्नं, बारसी आणि एक शाळेचं स्नेहसंमेलन मिळवलं. "नाही."

"जवळपास?"

"जवळपासच्या जवळपासही नाही."

"मग सरकार तुमच्याकडं जीएसटी मागतच नाही. नोंदणीची गरज नाही. आणि नोंदणी नाही तर कर घ्यायचाही नाही. कायद्यानं मनाई आहे. घेतलेला आधी परत करा आणि साधं बिल द्या. नाव, काम, रक्कम, सही. खाली लिहा, नोंदणी नसल्यानं कर लावलेला नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"दिसायला फार साधं दिसेल हो ते."

"पाठक, तुम्हाला बिल द्यायचंय की फ्रेम करून लावायचंय?"

तो बाहेर पडला. आपण इतके लहान आहोत की सरकारलाही आपल्याकडून काही नको, ही गोष्ट पचायला त्याला बसस्टँडपर्यंतचा रस्ता लागला. आपण मोठे दिसावं म्हणून दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या, आणि त्या ओळींनी एका आईचा झोका रिकामा ठेवला. वडील यथाशक्ती म्हणायचे तेव्हा त्याला त्यांची लाज वाटायची. आज त्याला वाटलं, त्यांच्या त्या डोळे मिटण्यानं निदान कुणाची लेक तरी अडकली नव्हती.

आखाजीच्या आदल्या दिवशी तो निघाला. आधी वरवटला जाऊन वामनरावांचे नऊ टक्के परत केले. वामनरावांनी ते न मोजता खिशात घातले. गोजरबाईंनी पाणी दिलं, चहा विचारला नाही. कडुलिंबाच्या फांदीला नवा झोका बांधलेला होता. मग नांदुरा, खामगाव, मेहकर करत व्हॅन डोणगावला पोचली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं.

अडतीत हरभऱ्याची थप्पी छतापर्यंत. हिंमतराव गादीवर बसले होते. एका पोत्यातून मूठभर दाणे काढून तळहातावर पसरत होते. एक दाणा दाताखाली फोडला आणि मग वर पाहिलं.

"तुम्हीच का ते बिलवाले?"

"हो."

हिंमतरावांनी मोबाइल पुढं केला. "हे काय हाय?"

"कॅमेरा."

"ते दिसलं. नंबर कुठाय?"

"नंबर नाही."

"मग चौकोन काहून हाय?"

"नमुन्यात होता."

"रिकामा सोडायचा."

"रिकामा वाईट दिसत होता," नीळकंठ म्हणाला.

मुनीमजींनी वहीत तोंड घातलं. त्यांचे खांदे हलत होते. हिंमतराव काही हलले नाहीत. नीळकंठनं मग सगळं सांगून टाकलं. शंतनुचा नमुना, अर्धा ऐकलेला निरोप, वामनरावांनी घेतलेलं राज्य आणि व्याह्यांना सोडलेलं केंद्र. "वामनरावांचा यात हात नाही, काका. त्यांनी तर मोठेपणा म्हणून केंद्र तुमच्याकडं ठेवलं. चूक माझी. मला मोठं दिसायचं होतं."

"कोणाला?"

 त्यानं अल्बम काढून गादीवर ठेवला. शंतनुचा नियम मोडला. "पैसे जेव्हा द्यायचे तेव्हा द्या. अल्बम घ्या."

हिंमतरावांनी अंगठा ओला करून पानं उलटायला सुरुवात केली, जशी पावत्या उलटतात तशी. हळद, मंगलाष्टकं, जेवणं. भराभर. शेवटाकडं एका पानावर त्यांचा अंगठा थांबला.

पाठवणीचा फोटो होता. काजल गाडीत बसलेली, खिडकीशी बायकांची गर्दी. पण फोटो त्यांचा नव्हता. सगळ्यांकडं पाठ करून वामनराव मांडवाचा खांब धरून उभे होते, डोकं खांबाला टेकलेलं, बोडकं. आणि त्यांच्या मागं पावलाभरावर हिंमतराव. हातात वामनरावांचा खाली पडलेला फेटा, दोन्ही हातांनी धरलेला, जसं देवाचं ताट धरावं. डोळे भरलेले. हाक मारावी की मारू नये अशा विचारात तोंड जरा उघडं.

"हा कधी काढला?"

"तेव्हाच. तुमचं लक्ष नव्हतं."

"फेटा मी उचलला होता?" ते स्वतःशीच म्हणाले. "माझ्या ध्यानात नाही."

बराच वेळ ते त्या पानावरून हलले नाहीत. काट्यावर पोती चढत होती, उतरत होती. हमाल काहीतरी विचारून गेला.

"याचे किती लावले?"

"वेगळे नाही लावत. पॅकेजमध्ये येतो."

"लावत जा," हिंमतराव म्हणाले.

नीळकंठनं हीच वेळ साधली. "काका, एक विनंती आहे. आखाजीला काजलताईंना पाठवा. माझ्या कागदापायी त्यांना अडवू नका."

हिंमतरावांनी अल्बम मिटला. "अडवू नका म्हंजे?"

"तुम्ही गाडी रिकामी नाही म्हणालात ना."

"नाहीच. बघा तिकडं." दाराशी त्यांची गाडी उभी होती. मागची सीट काढलेली आणि आत थेट टपापर्यंत हरभरा. "दोन्ही पिकअप बाजारात गुंतल्या, म्हणून हिच्यात भरला. बिल अडवलं म्या. लेक कशाला अडवीन?" आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "तिकडं असं वाटलं त्यांना?"

"काकूंनी झोका बांधून ठेवलाय," नीळकंठ म्हणाला.

 डाव्या मुठीत राहिलेले दाणे हिंमतरावांनी परत पोत्यात टाकले. "फोन करून धड सांगायला पायजे होतं म्या. रागात होतो, अर्धंच बोललो." आता हे सगळं आधीपासून खरं होतं, की फेटा पाहिल्यावर खरं झालं, ते नीळकंठला कधीच कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही. या महिन्याभरात तो तेवढं शिकला होता.

मग हिंमतरावांनी मुनीमजींकडून एक कोरा कागद घेतला आणि नीळकंठपुढं सरकवला. "बिल लिहा. साधं. बिलाशिवाय मी पैसे देत नाही."

नीळकंठनं लिहिलं. काम, रक्कम, निम्मा भाग. नोंदणी नसल्यानं कर लावलेला नाही. क्रमांक दोन. खाली सही, आणि सहीखाली नाव. हिंमतरावांनी तपासलं आणि नावाशी थबकले.

"नीळकंठ का तुमचं नाव? लग्नभर आम्ही 'ओ फोटूवाले' म्हणत होतो."

"चालते, काका."

"नाही. चांगलं नाव हाय." त्यांनी पैसे दिले, मुनीमजींनी बिल तारेला टोचलं, आणि हिंमतराव उठले. "आज मुक्काम इथंच. सकाळी तुमच्या व्हॅनमध्ये पोरगा-सून घेऊन जा. इवायाला मी आत्ता फोन करतो. आणि नीळकंठराव, उद्या तिथं पहिल्या पंगतीत बसा. मी सांगितलंय म्हणावं."

नीळकंठराव. व्हॅनमध्ये दिव्यांच्या स्टँडांशेजारी काजल आणि गोपाल अवघडून बसले होते, खड्डा आला की दिव्याची छत्री डोक्यात लागायची, पण नीळकंठला रस्ता कसा लोण्यासारखा वाटत होता. नांदुऱ्याला थांबून त्यानं रेवतीला फोन करून सांगितलं, की आज तुझा नवरा पहिल्या पंगतीत बसणार आहे.

वरवटला दारात गोजरबाई उभ्या होत्या. त्यांनी लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग तिला जवळ घेतलं, ते बराच वेळ सोडलंच नाही. वामनराव मागं उभे राहून जावयाला उगाचच रस्त्याची चौकशी करत होते. मग ते नीळकंठकडं आले. खांद्यावर हात ठेवला, पण 'घरचेच' म्हणाले नाहीत.

"चला, नीळकंठभाऊ. पंगत खोळंबली."

कडुलिंबाखाली पंगत. डोक्याशी गोपाल, त्याच्या शेजारी वामनराव, आणि वामनरावांना लागून नीळकंठ. पुरणपोळी, तुपाची वाटी, आंब्याचा रस, कटाची आमटी. मठ्ठा भरपूर. नीळकंठनं पाटावर मांडी घातली आणि त्याला वडिलांची आठवण आली. ते असेच बसायचे, पाठ ताठ करून. त्यानं पाठ ताठ केली. पहिला घास घेतला.

आणि काजल तुपाची वाटी घेऊन वाढायला आली. वामनरावांच्या पानाशी वाकली. ते नको म्हणून पानावर आडवा हात धरत होते, ती हात बाजूला सारत होती. त्या ओढाताणीत त्यांनी मान वर केली आणि लेकीकडं पाहिलं. फांद्यांमधून ऊन नेमकं दोघांच्या चेहऱ्यावर आलं होतं. फोटोच्या धंद्यात असं ऊन मागून मिळत नाही.

नीळकंठला कुणीही हाक मारली नव्हती. तो आपला आपणच उठला. पुरणाचा हात विजारीला पुसला, व्हॅनकडं धावला, कॅमेरा घेऊन परत आला आणि पानांच्या मधे गुडघ्यावर बसला.

"भटाचा पोरगा असून पंगतीतून उठला," पलीकडून कुणी म्हातारा म्हणाला.

फोटो मिळाला. मग जावयानं सासूबरोबर एक काढायला सांगितला. मग झोक्यावर काजलचा. मग झोक्यावर आळीतल्या सगळ्या पोरींचा. मग म्हातारा म्हणाला, "ओ फोटूवाले, आता उठलेच त माहाबी एक." नीळकंठ परत आला तेव्हा पंगत उठलेली, त्याचं पान उचललेलं, आणि दुसऱ्या पंगतीतले लोक रसाला भिडलेले. त्याच्या पाटावर आळीतला बँडवाला बसला होता.

"आता शेवटच्यात बसजा, भाऊ," गोजरबाई म्हणाल्या. "तुमच्या वाटचं पुरण बाजूले काढून ठेवलं म्या."

तो झोक्याजवळच्या दगडावर बसून कॅमेऱ्यात फोटो पाहत होता तेव्हा रेवतीचा फोन आला.

"काय मग, पहिल्या पंगतीत जेवलात का?"

"बसलो होतो," नीळकंठ म्हणाला.